घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे : झोपेत अडणारा श्वास आणि त्याचे दूरवर जाणारे परिणाम



आपल्याकडे घोरण्याला कुणी आजार म्हणत नाही. बाबा घोरायला लागले की मुलं पांघरुणात तोंड खुपसून हसतात. कुणी म्हणतं "इंजिन सुरू झालं", कुणाला कुंभकर्ण आठवतो. आजी मात्र मायेनं म्हणते, "दमलाय बिचारा, शांत झोप लागलीय त्याला." कळव्यात, खारेगावात, विटाव्यात कितीतरी घरं एक-दोन खोल्यांची आहेत. एका खोलीत चार-पाच माणसं झोपतात. त्यामुळे कोण कसं घोरतं हे घरात सगळ्यांना पाठ असतं. पण त्या घोरण्यात मध्येच जी शांतता पडते, तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. उलट "चला, थांबला एकदाचा" म्हणून आपण कूस बदलतो. प्रत्यक्षात त्या वेळी त्या माणसाचा श्वास अडलेला असू शकतो.

या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. ॲप्निया हा मुळात ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थ श्वास नसणे. झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबतो, म्हणून हे नाव. घोरणाऱ्या प्रत्येकाला हा आजार असतो असं मुळीच नाही, हे आधीच सांगून ठेवते. घाबरवण्यासाठी हा लेख नाही.

शिक्षकांनी आणि पालकांनी हा विषय का समजून घ्यायचा? कारण या आजाराचा पुरावा दोन तुकड्यांत वाटलेला असतो. रात्रीचा तुकडा घरच्यांच्या कानावर असतो. दिवसाचा तुकडा वर्गात शिक्षकांच्या डोळ्यांसमोर असतो, मोठ्या माणसांच्या बाबतीत कामावरच्या सोबत्यांच्या. ज्याला आजार आहे त्याला स्वतःला रात्रीतलं काहीच आठवत नाही, कारण तो झोपलेला असतो. हे दोन तुकडे कुणी जोडले नाहीत, तर वर्षानुवर्षं निदानच होत नाही. आणि तोवर नुकसान फक्त झोपेचं होत नाही, सगळ्या शरीराचं होतं.

नेमकं काय होतं?

आपण जागे असतो तेव्हा घशाचे स्नायू श्वासाची वाट मोकळी धरून ठेवतात. झोप लागली की सगळ्या शरीराचे स्नायू सैलावतात, तसे घशाचेही सैलावतात. जीभ थोडी मागे सरकते. बहुतेकांच्या घशात तरीही पुरेशी जागा राहते. पण मानेभोवती चरबी जास्त असेल, जबडा लहान किंवा मागे गेलेला असेल, टॉन्सिल मोठे असतील, नाक कायम चोंदलेलं असेल, तर ती वाट अरुंद होते. अरुंद वाटेतून हवा जाताना घशाच्या सैल भागाला कंप सुटतो. तेच घोरणं. आणि वाट पूर्ण मिटली की आवाज बंद, श्वासही बंद.

छाती आणि पोट श्वास घ्यायची धडपड करत असतात, पण हवा आत जात नाही. ओला फुगा फुगवताना त्याचं तोंड चिकटून बसावं, तसंच. रक्तातला प्राणवायू उतरायला लागतो. मग मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, झोप क्षणभर मोडते, स्नायू ताठ होतात आणि मोठ्या घरघरीसह किंवा ठसक्यासह श्वास सुरू होतो. माणूस पूर्ण जागा होत नाही, म्हणून सकाळी त्याला काही आठवत नाही. पुन्हा झोप, पुन्हा अडथळा.

मोठ्या माणसांत असा श्वास किमान १० सेकंद थांबला किंवा फार कमी झाला, तर ती एक वेळ मोजतात. तासाला अशा किती वेळा येतात त्यावरून आजाराची पायरी ठरते:

- तासाला ५ पेक्षा कमी : सामान्य
- ५ ते १५ : सौम्य
- १५ ते ३० : मध्यम
- ३० पेक्षा जास्त : तीव्र

जरा गणित करून बघूया. तासाला ३० वेळा आणि झोप ७ तास, म्हणजे एका रात्रीत २१० वेळा. दर दोन मिनिटांनी कुणी आपल्याला हलवून उठवलं तर सकाळी आपली काय अवस्था होईल? या माणसाची रोज तीच अवस्था होते, फक्त उठवणारं कुणी दिसत नाही.

हा आजार आपल्याकडे आहे का?

"हे सगळं परदेशातल्या जाड्या लोकांचं" असं वाटत असेल, तर मुंबईतलाच एक अभ्यास सांगते. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातले छातीरोगतज्ज्ञ डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली तो प्रसिद्ध केला. नेहमीच्या आरोग्य तपासणीला आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांना त्यांनी झोपेविषयी प्रश्न विचारले. ६५८ जणांनी उत्तरं दिली. त्यांतल्या २५० जणांची त्यांच्या घरीच झोपेची तपासणी झाली. झोपेत श्वास अडण्याचं प्रमाण १९.५ टक्के निघालं, म्हणजे साधारण पाचात एक. श्वास अडतो आणि शिवाय दिवसा अनावर झोपही येते, अशांचं प्रमाण ७.५ टक्के होतं. लक्षात घ्या, हे झोपेची तक्रार घेऊन आलेले रुग्ण नव्हते. वजन, मानेचा घेर आणि मधुमेह या तीन गोष्टींशी या आजाराचं नातं ठळकपणे दिसलं.

पुढे २०२३ मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी देशातले वेगवेगळे अभ्यास एकत्र करून अंदाज मांडला. भारतात कामाच्या वयातल्या सुमारे १०.४ कोटी लोकांना हा आजार असावा, आणि त्यांतल्या ४.७ कोटींचा मध्यम किंवा तीव्र असावा, असा तो अंदाज आहे.

पुरुषांत प्रमाण जास्त दिसतं. पण बायकांना होत नाही असं समजू नका. पाळी गेल्यानंतर त्यांचंही प्रमाण वाढतं. बायकांची लक्षणंही कधी कधी वेगळी असतात : सततचा थकवा, सकाळी डोकं दुखणं, रात्री झोपमोड, चिडचिड. त्यात "बाईमाणूस घोरते" हे आपल्याकडे लाजेचं मानलं जातं. मग ती कुणाला सांगत नाही, आणि घरचेही चारचौघांत बोलत नाहीत. थकव्याचं खापर घरकामावर आणि लोकलवर फुटतं.

उपचार न केल्यास शरीरात काय काय बिघडतं?

*१. रक्तदाब आणि हृदय*

प्राणवायू उतरला की शरीर समजतं संकट आलं. ॲड्रिनलिनसारखी संप्रेरकं सुटतात, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब उसळतो. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत खाली येतो, हृदयाला जरा विसावा मिळतो. इथे तो विसावाच मिळत नाही. हळूहळू दिवसाचा रक्तदाबही चढाच राहतो. स्लीप ॲप्नियाच्या साधारण निम्म्या रुग्णांना उच्च रक्तदाब असतो. तीन-तीन गोळ्या घेऊनही ज्यांचं बीपी आटोक्यात येत नाही, त्यांच्यात तर हा आजार मुद्दाम शोधावा लागतो.

एट्रियल फिब्रिलेशन नावाचा ठोक्यांचा विकार, हृदय निकामी होत जाणं आणि पक्षाघात यांच्याशीही या आजाराचं नातं सिद्ध झालं आहे. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अचानक हृदय बंद पडून गेलेल्या लोकांच्या मृत्यूची वेळ तपासली होती. ज्यांना स्लीप ॲप्निया होता त्यांतले ४६ टक्के मध्यरात्री १२ ते सकाळी ६ च्या दरम्यान गेले होते. ज्यांना तो नव्हता त्यांच्यात हे प्रमाण २१ टक्के होतं. एरवी रात्री हृदयाला आराम असतो. इथे तीच वेळ जास्त धोक्याची ठरली.

*२. साखर, वजन आणि यकृत*

झोप तुटणं आणि प्राणवायू कमी होणं, दोन्हींमुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. त्यामुळे मधुमेहाचा धोका वाढतो, आणि असलेला मधुमेह आटोक्यात ठेवणं अवघड होतं. अपुऱ्या झोपेनं भूक वाढते, थकव्यानं हालचाल कमी होते, वजन वाढतं, आणि वजन वाढलं की घसा आणखी अरुंद होतो. हे चक्र कुठेतरी तोडावंच लागतं. यकृतात चरबी साठण्याशीही या आजाराचा संबंध आढळला आहे.

*३. मेंदू आणि मन*

विसरभोळेपणा, लक्ष न लागणं, निर्णय घ्यायला वेळ लागणं, उदासी, चिडकेपणा. अशा माणसाला घरात "स्वभावच तसा झालाय" म्हणतात. पण रोज तुटक झोप मिळणाऱ्या माणसाचा स्वभाव गोड कसा राहणार? उदासीची गोळी चालू आहे, पण घोरण्याबद्दल डॉक्टरांना कुणी सांगितलेलंच नाही, असंही घडू शकतं.

*४. रात्री लघवीला उठणं*

हे ऐकून आश्चर्य वाटेल. श्वास अडला की छातीतल्या दाबात बदल होतो, हृदयाला वाटतं शरीरात पाणी जास्त झालंय, आणि लघवी जास्त तयार करणारं संप्रेरक सुटतं. दोन-तीन वेळा उठणारे काका "वयामुळे" किंवा "प्रोस्टेटमुळे" म्हणून सोडून देतात. कारण तेही असू शकतं, पण हेही असू शकतं.

*५. अपघात*

या आजारात गाडी चालवताना अपघाताचा धोका साधारण दोन ते अडीच पट होतो, असं अनेक अभ्यास एकत्र पाहिल्यावर दिसलं आहे. २९ सप्टेंबर २०१६ रोजी अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या होबोकन या शेवटच्या स्टेशनात सकाळच्या गर्दीची लोकल थांबलीच नाही. रूळ संपतो तिथे धडकून ती फलाटावर चढली. एक महिला गेली, १०० पेक्षा जास्त माणसं जखमी झाली. चौकशीत दिसलं की मोटरमनला तीव्र स्लीप ॲप्निया होता आणि अपघातापूर्वी त्याचं निदान झालेलं नव्हतं. आपल्या कितीतरी विद्यार्थ्यांचे वडील रिक्षा, टेम्पो, ट्रक, ओला-उबर चालवतात. त्यांच्यासाठी हा विषय थेट जिवाचा आहे, त्यांच्या आणि रस्त्यावरच्या इतरांच्याही.

*६. ऑपरेशन आणि गरोदरपण*

भूल दिल्यावर आणि नंतरच्या वेदनाशामक औषधांमुळे घसा आणखी सैल पडतो. म्हणून कुठलंही ऑपरेशन असो, भूलतज्ज्ञांना "हे फार घोरतात, मध्येच श्वास अडतो" हे जरूर सांगा. गरोदरपणात हा आजार असेल तर रक्तदाब वाढण्याचा धोका जास्त असतो. त्यामुळे गरोदर बाई नव्यानं जोरात घोरू लागली तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

बप्पी लाहिरींची आठवण

संगीतकार बप्पी लाहिरी १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत जुहूच्या रुग्णालयात गेले. वय ६९. त्यांना छातीचा संसर्ग वरचेवर होत होता, इतरही तक्रारी होत्या. जवळपास महिनाभर रुग्णालयात राहून ते आदल्याच दिवशी घरी आले होते. त्यांच्यावर उपचार करणारे डॉ. दीपक नामजोशी यांनी मृत्यूचं कारण सांगताना स्लीप ॲप्नियाचं नाव घेतलं. त्या आठवड्यात अनेकांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला, मोबाईलवर शोधला. नंतर विषय मागे पडला, आणि घराघरांतलं घोरणं पुन्हा विनोदाचा विषय झालं.

हा आजार एका रात्रीत माणूस नेतो असा याचा अर्थ काढू नका. तो बहुधा एकटा मारत नाही. हृदय, फुप्फुसं, साखर, जे आधीच कमजोर आहे त्यावर तो रोज रात्री भार टाकत राहतो.

आता आपल्या वर्गाकडे येऊया

लहान मुलांनाही स्लीप ॲप्निया होतो. वेगवेगळ्या अभ्यासांत १ ते ५ टक्के मुलांमध्ये तो आढळला आहे. ४० मुलांच्या वर्गात एखादं-दुसरं मूल, असं धरून चला. दोन ते आठ वर्षांच्या वयात टॉन्सिल आणि नाकामागे असणारे ॲडेनॉइड घशाच्या मानाने मोठे असतात, त्यामुळे याच वयात श्वास जास्त अडतो. म्हणजे नेमकी आपली बालवाडी ते तिसरी. अलीकडे वजन जास्त असणाऱ्या मुलांतही हा आजार वाढतो आहे.

मुलांत आणि मोठ्यांत एक मोठा फरक आहे. मोठा माणूस दिवसा पेंगतो. लहान मूल बऱ्याचदा पेंगत नाही, उलट जास्त उड्या मारतं. झोप अपुरी झालेलं बाळ कसं किरकिर करतं, आठवा. तसंच हे मूल एका जागी बसत नाही, शेजाऱ्याला ढोसतं, फळ्यावरचं अर्धं उतरवून सोडून देतं, लगेच रडतं किंवा रागावतं. आपण शेरा लिहितो : "अभ्यासात लक्ष नाही. खूप चंचल आहे." शेरा खोटा नसतो, पण अर्धाच असतो. उरलेला अर्धा घरच्यांकडे असतो : ते मूल रात्री तोंड उघडं टाकून, मान मागे टाकून, घामाघूम होऊन झोपतं, आणि घोरतं.

याविषयी अमेरिकेत १९९८ साली डॉ. डेव्हिड गोझाल यांनी केलेला अभ्यास प्रत्येक शिक्षकानं माहीत करून घ्यावा असा आहे. त्यांनी पहिलीतली २९७ मुलं निवडली, सगळी गुणांच्या यादीत तळाच्या दहा टक्क्यांतली. रात्रीची तपासणी केली तर त्यांतल्या ५४ मुलांचा श्वास झोपेत बिघडत होता, म्हणजे १८ टक्के. सर्वसाधारण मुलांतल्या प्रमाणाच्या कितीतरी जास्त. पालकांना ते कळवलं. २४ मुलांचे टॉन्सिल आणि ॲडेनॉइड काढले गेले, ३० मुलांच्या पालकांनी काहीच उपचार केले नाहीत. पुढच्या वर्षी दुसरीत उपचार झालेल्या मुलांचे गुण स्पष्टपणे वाढले होते. उपचार न झालेल्यांचे होते तिथेच राहिले.

याचा अर्थ प्रत्येक मागे पडलेल्या मुलाचं ऑपरेशन करा, असा नाही. २०१३ साली ५ ते ९ वयाच्या ४६४ मुलांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निकाल जास्त तोलून मापून सांगतात. ऑपरेशन झालेल्या मुलांची झोप, वागणूक आणि रोजचं जगणं सुधारलं. सात महिन्यांनी त्यांतल्या ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी सामान्य आली. पण एकाग्रतेच्या खास चाचण्यांत दोन्ही गटांत मोठा फरक पडला नाही. आणि नुसतं लक्ष ठेवून वाट पाहिलेल्या मुलांतही ४६ टक्के मुलांची तपासणी आपोआप सामान्य झाली. म्हणून ऑपरेशनचा निर्णय डॉक्टरच घेतील. आपलं काम मूल त्यांच्यापर्यंत पोहोचवण्याचं आहे.

मुलांच्या शरीरावरचे परिणामही लक्षात ठेवा. वाढीचं संप्रेरक मुख्यतः गाढ झोपेत सुटतं. ती झोपच तुटली तर काही मुलांची उंची-वजन वाढणं मंदावतं. सुटलेली गादी ओली करण्याची सवय पुन्हा सुरू होऊ शकते. सतत तोंडाने श्वास घेतल्यामुळे चेहऱ्याची आणि दातांची ठेवण बदलू शकते. तीव्र आजार खूप काळ तसाच राहिला तर रक्तदाब वाढू शकतो, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येऊ शकतो.

झोप कमी आहे, की श्वास अडतोय?

हा फरक करता आला पाहिजे. ८ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयानुसार आपल्या राज्यात चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असं ठरलं. मुलांची झोप पूर्ण होत नाही, हेच त्यामागचं कारण होतं. रात्री अकरापर्यंत मोबाईल, सकाळी सहाला रिक्षावाले काका. अशा मुलाला उशिरा भरणाऱ्या शाळेचा नक्की फायदा होतो. पण ज्याचा श्वास अडतो त्याला झोपेचे तास वाढवून देऊनही ताजंतवानं वाटत नाही.

म्हणून साधी पारख अशी : रविवारी किंवा सुट्टीत मूल पोटभर झोपलं, नऊ-दहा तास झोपलं, तरी उठताना मरगळलेलं असतं का? मोठ्यांनाही हीच पारख लागू आहे. कळव्याहून पहाटेची स्लो लोकल पकडणारा माणूस गाडीत डुलकी काढणारच, ती साधी दमणूक. पण आठ तास झोपूनही दुपारी जेवल्यावर खुर्चीत, टीव्हीसमोर, सिग्नलला थांबलेल्या गाडीत झोप लागत असेल, तर ती दमणूक नाही.

पालकांनी घरी विचारायचे प्रश्न

मुलांसाठी :

- आठवड्यातल्या बहुतेक रात्री, सर्दी नसतानाही, घोरतं का?
- घोरता घोरता मध्येच आवाज थांबून मग धाप किंवा ठसका येतो का?
- तोंड उघडं टाकून झोपतं का? मान मागे टाकून किंवा उशा रचून झोपतं का?
- झोपेत खूप घाम येतो का? सारखी कूस बदलतं का?
- सुटलेली गादी ओली करण्याची सवय पुन्हा लागली का?
- सकाळी डोकं दुखतं म्हणतं का? उठवताना फार जिकीर होते का?

मोठ्यांसाठी डॉक्टर जगभर आठ प्रश्नांची एक सोपी यादी वापरतात : बंद दाराबाहेर ऐकू येईल इतकं जोरात घोरता का, दिवसा थकवा असतो का, झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का, बीपी आहे का, वजन खूप जास्त आहे का, वय पन्नाशीपुढे आहे का, मानेचा घेर ४० सेंटीमीटरपेक्षा जास्त आहे का, आणि पुरुष आहात का. तीन किंवा जास्त उत्तरं "हो" आली तर डॉक्टरांशी बोलावं. पाच किंवा जास्त आली तर टाळाटाळ नकोच. शर्टाच्या कॉलरचा नंबर माहीत असेल तर मानेचा घेर घरबसल्या कळतो.

एक सोपी युक्ती : मोबाईलवर त्या झोपेचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढा, छाती आणि चेहरा दिसेल असा. शब्दांत सांगता येत नाही ते डॉक्टरांना त्यात दिसतं. मात्र तो व्हिडिओ कुटुंबाच्या ग्रुपवर गंमत म्हणून टाकू नका.

तपासणी आणि उपचार

मुलासाठी आधी बालरोगतज्ज्ञ किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ. मोठ्यांसाठी फॅमिली डॉक्टर, छातीरोगतज्ज्ञ किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ. आपल्या कळव्यात ठाणे महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. तिथल्या कान-नाक-घसा विभागापासून सुरुवात करता येते. पक्कं निदान स्लीप स्टडीनं होतं. रात्रभर श्वास, प्राणवायू, हृदयाचे ठोके आणि झोपेची खोली नोंदवतात. दुखत काही नाही, नुसत्या वायरी आणि पट्टे लावून झोपायचं असतं. मोठ्यांची ही तपासणी काही वेळा घरीही होते.

मोठ्यांच्या मध्यम-तीव्र आजारावर मुख्य उपचार म्हणजे सीपॅप नावाचं यंत्र. १९८१ साली ऑस्ट्रेलियातल्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी ही पद्धत मांडली. नाकावरच्या मास्कमधून हवेचा हलका दाब सतत येत राहतो आणि घसा मिटत नाही. यंत्र महाग आहे, पहिले काही आठवडे जड जातं, पण अनेकांना काही दिवसांतच दिवसा जाग राहू लागते. बीपीही थोडं उतरतं. एक खरी गोष्ट इथे सांगायलाच हवी. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या सुमारे २,७०० हृदयरुग्णांच्या मोठ्या चाचणीत यंत्रामुळे पुढचे हृदयविकाराचे झटके कमी झालेले दिसले नाहीत. मात्र त्या रुग्णांनी यंत्र सरासरी रात्री साडेतीन तासांहूनही कमी वापरलं होतं. दिवसाची झोप आणि मनःस्थिती मात्र सुधारली. म्हणून यंत्र आणलं म्हणजे झालं असं नाही. ते रात्रभर वापरायचं, आणि बीपी-साखरेची औषधंही चालू ठेवायची.

वजनाचा हिशेबही लक्षात ठेवण्यासारखा आहे. वजन १० टक्क्यांनी कमी झालं तर श्वास अडण्याच्या वेळा साधारण पाव हिश्श्यानं कमी होतात, असं अमेरिकेतल्या दीर्घ अभ्यासात दिसलं आहे. ८० किलोच्या माणसाला ८ किलो. शिवाय उताणं न झोपता कुशीवर झोपणं, दारू सोडणं, झोपेच्या गोळ्या मनानं न घेणं, नाक चोंदण्यावर उपचार करणं. काहींना दंतवैद्य जबडा पुढे धरणारं साधन बनवून देतात. मुलांत टॉन्सिल-ॲडेनॉइड हे कारण असेल तर ऑपरेशन, सौम्य आजारात काही वेळा नाकातले स्प्रे.

शाळेत आपण काय करू शकतो?

मी पालक सभेत अभ्यासाच्या तक्रारीआधी एक प्रश्न विचारते : "रात्री झोपतो कसा?" सुरुवातीला पालक गोंधळतात, मग "झोपतो की छान, घोरतो सुद्धा!" असं हसत सांगतात. त्या "सुद्धा"वर थांबून पुढचे दोन प्रश्न विचारायला पाच मिनिटं पुरतात. आपण सगळेच हे करू शकतो :

१. सतत चंचल, मागे पडणारं किंवा तोंडाने श्वास घेणारं मूल दिसलं की शेरा लिहिण्याआधी रात्रीबद्दल विचारा.

२. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं. एका रांगेत तपासणी होताना घोरण्याची माहिती डॉक्टरांना आपोआप कळणार नाही. ती आपण सांगायची.

३. वर्गात पेंगणाऱ्या मुलाला "झोपाळू", "कुंभकर्ण" अशी नावं पडू देऊ नका. नाव एकदा चिकटलं की मूल आपली तक्रार कधीच सांगत नाही.

४. आजाराचं नाव आपण ठरवायचं नाही. "डॉक्टरांना दाखवा, आणि रात्री तो कसा झोपतो हे त्यांना सांगा," इतकंच म्हणायचं.

५. पालकांनाही विचारा. मुलाच्या निमित्तानं वडिलांचं किंवा आईचं घोरणंही बोलण्यात येतं, आणि घरातल्या कमावत्या माणसाचं आरोग्य हा मुलाच्या शिक्षणाचाच भाग आहे.

आज रात्री घरात कुणी घोरत असेल तर हसण्याआधी मिनिटभर कान देऊन ऐका. आवाज सलग आहे की मध्येच तुटतो? तुटत असेल तर किती सेकंद? ते मोजा, लिहून ठेवा, आणि या आठवड्यात डॉक्टरांना सांगा. शिक्षकांनो, उद्या वर्गात ज्या मुलाचं लक्ष लागत नाही त्याच्या घरी एक फोन करा. रात्रीची गोष्ट आणि दिवसाची गोष्ट एकमेकांना भेटवून देणं, एवढंच आपल्या हातात आहे, आणि या आजारात निदानाची सुरुवात बहुतेकदा तिथूनच होते.